जुना फिल्म एसएलआर: आधी रिकामा चालवा

जुना एसएलआर, म्हणजे आरशाच्या मदतीने लेन्समधूनच दृश्य दाखवणारा कॅमेरा, हातात आला की पहिली घाई होते ती रोल भरायची. ती करू नका. मी ज्यांना ज्यांना हा कॅमेरा शिकवला त्यांना आधी तो रिकामाच वापरायला लावला. माझी भाची त्यावरून माझ्याशी भांडलीसुद्धा. "मावशी, फोटोच निघणार नाहीत तर मी शिकणार काय?" पण रिकाम्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडता येतं, आणि तिथून जे दिसतं ते रोल भरल्यावर दिसत नाही. शटर उघडतं म्हणजे काय होतं, लेन्समधलं छिद्र लहान-मोठं होतं म्हणजे नक्की किती, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की कॅमेऱ्यावरचे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

मी पेंटॅक्स के१००० वापरते, त्यावर ५० मिलिमीटरची एफ २ लेन्स. हा कॅमेरा १९७६ साली आला आणि १९९७ पर्यंत बनत राहिला, म्हणून तो अजूनही सहज सापडतो. त्यात सेल्फ-टायमर नाही आणि आपोआप होणारं काहीच नाही. शटर स्प्रिंगांवर चालतं. सेल लागतो तो फक्त आतल्या लाइट मीटरला, त्यामुळे सेल संपला तरी फोटो काढता येतो. तुमच्याकडे निकॉन एफएम२, ऑलिंपस ओएम-१ किंवा मिनोल्टा एसआर-टी १०१ असेल तरी पुढचं जवळजवळ सगळं लागू पडतं, फक्त जागा बदलतात. ओएम-१ मध्ये शटरचं कडं लेन्सच्या बुडाशी असतं. एफएम२ मध्ये फिल्म पुढे नेणारी दांडी जरा बाहेर ओढल्याशिवाय फोटो काढायचा खटका दबतच नाही. कॅनन एई-१ चं मात्र वेगळं आहे. त्याचं शटर इलेक्ट्रॉनिक आहे, सहा व्होल्टचा सेल मेला की तो काहीच करत नाही. बिघडला म्हणून बाजूला पडलेला एई-१ मिळाला तर आधी नवा सेल टाकून बघा.

झाकण उघडून काय बघायचं

उघडण्याआधी आत कुणाचा जुना रोल राहिलेला नाही ना, याची खात्री करा. कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला डावीकडे रिवाइंडची घडीची छोटी मूठ असते. ती उघडून बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. सैल फिरत राहिली तर आत फिल्म पसरलेली नाही. फिरवताना ताण लागला तर आहे. मग झाकण तसंच राहू द्या आणि फिल्म आधी गुंडाळून घ्या, ते कसं करायचं ते पुढे आहे. आत काही नसेल तर तीच मूठ वर ओढली की झाकण टक् करून सुटतं.

आता मधोमध दिसतो तो शटरचा पडदा. के१००० मध्ये तो कापडी आहे, एफएम२ मध्ये धातूच्या पातळ पात्यांचा. दोन्हीला बोट लावायचं नाही. पात्यावर पडलेली बारीकशी घडीही शटर अडकवायला पुरते.

कॅमेरा खिडकीकडे किंवा मोकळ्या आकाशाकडे धरा, सूर्याकडे मात्र नको. शटरची चकती 'बी'वर आणा (खटका दाबून धरू तोवर शटर उघडं राहतं), दांडी ओढून शटर चढवा, लेन्सचं कडं एफ १६ वर ठेवा आणि मागून बघत खटका दाबून धरा. पडदा सरकतो आणि लेन्सच्या मध्यभागी उजेडाचा एक बारीक ठिपका दिसतो. खटका तसाच दाबून ठेवून दुसऱ्या हाताने कडं एफ २ कडे फिरवा. प्रत्येक टिचकीला ठिपका वाढत जातो आणि शेवटी अख्खी काच उजेडाने भरते. भाचीने हे पाहिलं तेव्हा ती बराच वेळ कडं पुढे-मागे फिरवतच बसली होती. मी तिला थांबवलं नाही.

आकडा मोठा आणि छिद्र लहान, असं उलटं का, हेही इथेच समजून घ्या. एफचा आकडा म्हणजे लेन्सच्या ५० मिलिमीटरला कितीने भागायचं तो आकडा. एफ २ ला ५० भागिले २, म्हणजे २५ मिलिमीटरचं छिद्र. एफ १६ ला ५० भागिले १६, म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ या ओळीत पुढच्या प्रत्येक आकड्याला उजेड निम्मा होतो. या निम्म्या किंवा दुप्पट होण्यालाच स्टॉप म्हणतात. शटरच्या चकतीवरचे १, २, ४, ८, १५, ३०, ६०, १२५, २५०, ५००, १००० हे सेकंदाचे भाग आहेत आणि तेही एकेका स्टॉपने बदलतात. म्हणून १/१२५ आणि एफ ८ ला जितका उजेड आत येतो, तितकाच १/२५० आणि एफ ५.६ ला, तितकाच १/५०० आणि एफ ४ ला. लेन्सचं कडं दोन आकड्यांच्या मध्ये ठेवलं तर चालतं, शटरची चकती मात्र आकड्यावरच बसलेली हवी.

आता कान लावा. १ सेकंदावर खटका दाबला की आतून चक्रांची घरघर ऐकू येते आणि घड्याळातला एक सेकंद संपता संपता पडदा बंद होतो. तो दोन सेकंद रेंगाळला किंवा मध्येच अडकला, तर आतलं जुनं वंगण घट्ट झालं आहे. बऱ्याचदा नुसतं वापरूनच सुधारणा होते. सगळ्या वेगांवर पुन्हा पुन्हा खटका दाबत राहा, मंद वेगांवर जास्त. मग वेगवान बाजू. १/१००० वर आणून मागून उजेडाकडे बघत खटका दाबा. पांढऱ्या चौकोनाची झलक दिसते. चौकोन पूर्ण दिसायला हवा. एक बाजू काळी राहत असेल तर शटरचे उघडणारा आणि बंद करणारा असे जे दोन पडदे असतात ते एकमेकांना गाठतायत, आणि फोटोतही ती बाजू अंधारी येणार. असा कॅमेरा टाकून द्यायची गरज नाही. दुरुस्त होईपर्यंत १/५०० किंवा त्याहून मंद वेगांवर वापरा, पण १/५०० वरही हीच चाचणी करून घ्या.

झाकण बसतं त्या खाचेत काळ्या फोमची पट्टी असते, आतला अंधार तीच राखते. एवढ्या वर्षांत ती बहुधा चिकट काळा लगदा झालेली असते. लाकडी काडीने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने खाच पुसा आणि नवी पट्टी चिकटवा. खाच पुसताना शटरवर कागद धरा. आरसा वर आपटतो तिथेही असाच फोम असतो. तो गळून आरशावर आणि काचेवर डाग पडतात. आरसा मात्र कधीही बोटाने किंवा कापडाने पुसू नका, त्याचा मुलामा काचेच्या वरच्या अंगाला असतो आणि लगेच ओरखडतो. रबरी फुंकणीने हवा मारा, बस्स. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारी धूळ फोटोत येत नाही, कारण फोटो निघताना आरसा वर गेलेला असतो. हे ठाऊक नसल्यामुळे लोक चांगले आरसे पुसून खराब करतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

लेन्स काढून दोन्ही बाजूंनी उजेडात बघा. कडेला जाळीदार पांढुरके धागे दिसले तर ती बुरशी. थोडी असेल तर फोटोत कळत नाही, पण ती लेन्स बाकीच्या लेन्सांसोबत ठेवू नका आणि दमट जागी तर मुळीच नको.

सेल

के१००० ला एलआर४४ किंवा एसआर४४ लागतो. दोन्ही आकाराने सारखे, पण एसआर४४ घ्या. तो सिल्व्हर ऑक्साइडचा असतो आणि संपेपर्यंत व्होल्टेज धरून ठेवतो. अल्कलाइनचं व्होल्टेज हळूहळू उतरतं आणि त्याबरोबर मीटरही चुकत जातं. ओएम-१ किंवा एसआर-टी १०१ सारखे कॅमेरे पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलसाठी बनवलेले होते. ते सेल आता बनत नाहीत. त्या जागी श्रवणयंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल एका कड्यात बसवून चालतो, त्याचं व्होल्टेज जवळचं आहे. सेलच्या खणात हिरवट पांढरा थर दिसला तर कापसाच्या काडीवर व्हिनेगर घेऊन पुसा आणि कोरडं करा. के१००० च्या मीटरला बंद करायचं बटण नाही. लेन्सवर उजेड पडला की ते चालू राहतं, म्हणून वापर झाला की लेन्सला टोपण लावायची सवय लावून घ्या.

मीटर खरं बोलतंय का, ते तपासायला सारखा उजेड असलेली भिंत घ्या. ती पूर्ण चौकटीत येईल असं धरून मीटर वाचा आणि तीच भिंत, तोच आयएसओ (फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) ठेवून डिजिटल कॅमेऱ्याने किंवा फोनमधल्या मीटरने वाचा. अर्ध्या स्टॉपचा फरक सोडून द्या. नेहमी एकच स्टॉप एकाच बाजूला चुकत असेल तर आयएसओची चकती तेवढी सरकवून ठेवा, काम भागतं. कधी इकडे कधी तिकडे चुकत असेल तर मीटरचा नाद सोडा, त्याच्याशिवायही फोटो काढता येतात.

काटा काय सांगतो

या सगळ्या शिक्षणात खरं शिकायचं असतं ते इथे, म्हणून इथे जरा थांबते.

के१००० च्या व्ह्यूफाइंडरमध्ये उजवीकडे एक काटा आहे. उजेड जास्त झाला की वर जातो, कमी पडला की खाली. शिकणारा प्रत्येक जण काटा मध्यावर आणतो आणि खटका दाबतो. बऱ्याचदा फोटो चांगलाही येतो. पण मीटरला समोर काय आहे ते दिसत नाही. समोरून येणारा उजेड मध्यम राखाडी वस्तूवरून येतोय, जी साधारण १८ टक्के उजेड परत पाठवते, असं धरून ते हिशेब करतं. काटा मध्यावर आणणं म्हणजे समोर जे आहे ते मध्यम राखाडी करून दे, असं कॅमेऱ्याला सांगणं.

हे पटवून घ्यायला एकाच उजेडात एक पांढरी चादर आणि एक काळी पिशवी ठेवा. चादर चौकटभर घेऊन काटा मध्यावर आणा. समजा १/५०० आणि एफ ११ आलं. आता पिशवी चौकटभर घ्या. कदाचित १/६० आणि एफ ८ येईल. उजेड तोच आहे, खिडकी तीच आहे, तरी उत्तरं चार स्टॉपने वेगळी. दोन्ही उत्तरांप्रमाणे फोटो काढले असते तर चादरही राखाडी आली असती आणि पिशवीही. पांढरं पांढरं यायला मीटरच्या उत्तरापेक्षा दीड-दोन स्टॉप जास्त उजेड द्यावा लागतो, काळं काळं यायला एक-दोन स्टॉप कमी. बर्फ, पांढरी वाळू, चुन्याची भिंत, पांढरे कपडे घातलेला घोळका, हे सगळं चादरीच्या बाजूचं. काळा कोट, गडद झाडी, पावसाने भिजलेला डांबरी रस्ता पिशवीच्या बाजूचे.

भाचीने यावर विचारलं, "मग काटा बघायचाच कशाला?" बघायचा, पण काटा कशावरून वाचायचा हे आपण ठरवायचं. माणूस उजेडाकडे पाठ करून उभा असेल तर जवळ जा, नुसता चेहरा चौकटीत घेऊन काटा वाचा, आकडे लावा, मग मागे येऊन फोटो काढा. तेव्हा काटा वर गेलेला दिसेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नका. बाहेरच्या दृश्यात आकाश जास्त असेल तर कॅमेरा खाली झुकवून जमिनीवर वाचा आणि मग वर करा. आणि जवळ जाणं शक्य नसेल तर स्वतःचा तळहात वापरा. समोरच्यावर जो उजेड पडतोय तोच तळहातावर पडेल असा धरा, त्याने चौकट भरा, काटा मध्यावर आणा आणि मग एक स्टॉप जास्त उजेड द्या, म्हणजे एफ ८ असेल तर एफ ५.६ करा. तळहात राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. मला ही युक्ती इतर कुठल्याही साधनापेक्षा प्रिय आहे, कारण हात कायम सोबत असतो.

सेल संपला असेल तर उन्हाचा नियम: कडक उन्हात एफ १६ आणि शटर आयएसओच्या जवळचं. आयएसओ १०० ला १/१२५, आयएसओ ४०० ला १/५००. पातळ ढग असले की एफ ११, ढगाळ एफ ८, आभाळ पूर्ण भरलेलं असताना एफ ५.६, उघड्या सावलीत एफ ४. हा पाठ करून ठेवा आणि काटा बघायच्या आधी मनात आकडा सांगा. मग काटा काय म्हणतो ते बघा. थोड्याच दिवसांत दोघांचं जुळायला लागतं, आणि जिथे जुळत नाही तिथे बहुतेक वेळा चादर किंवा पिशवी समोर असते.

फोकस

व्ह्यूफाइंडरच्या मध्यभागी एक गोल असतो. के१००० मध्ये त्यात बारीक दाणे आहेत, फोकस नसताना ते चमचमतात आणि फोकस झाला की नाहीसे होतात. काही कॅमेऱ्यांत गोल आडवा कापलेला असतो आणि उभी रेघ दोन तुकड्यांत दिसते. कडं फिरवून तुकडे जुळवायचे. या कापलेल्या गोलाला उभी रेघ लागते. चेहऱ्यावर डोळ्याच्या बुबुळाची कड घ्या, आडव्या गोष्टीसाठी कॅमेरा उभा करून जुळवा आणि पुन्हा आडवा करा. फोकसच्या जागेच्या थोडं पुढे जाऊन परत मागे या, जागा नेमकी कळते. चष्मा असेल तर डोळ्याशी येणाऱ्या कडेला रबरी कडं लावून घ्या, नाहीतर काच ओरखडते.

चालत्या रस्त्यावर फोकस जुळवत बसू नये. लेन्सवर अंतराच्या आकड्यांखाली एफच्या जोड्या कोरलेल्या असतात, त्या कोणत्या अंतरापासून कोणत्या अंतरापर्यंत स्पष्ट येईल ते सांगतात. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ ८ आणि ५ मीटर लावलं तर साधारण साडेतीन मीटरपासून साडेनऊ मीटरपर्यंतचं बऱ्यापैकी स्पष्ट येतं. अंतर आधीच लावून ठेवा आणि माणसं त्या पट्ट्यात येईपर्यंत थांबा.

हातात धरून फोटो काढताना ५० च्या लेन्सला १/६० च्या खाली जाऊ नका. डावा हात लेन्सच्या खाली, कोपर छातीशी, अर्धा श्वास सोडून खटका दाबा. फ्लॅश लावायचा असेल तर चकतीवर एक्सची खूण असलेला वेग किंवा त्याहून मंद. के१००० मध्ये तो १/६० आहे.

रोल भरणे

यासाठी एक मुदत संपलेला किंवा खराब झालेला रोल सरावाला ठेवा. तो उजेडात, झाकण उघडं ठेवून, पुन्हा पुन्हा भरा आणि गुंडाळा. हाताला सवय झाली की मग चांगला रोल घ्या.

चांगला रोल सावलीत भरायचा. रिळाचा बाहेर आलेला दांडा खालच्या बाजूला ठेवून रोल डावीकडच्या खणात बसवा आणि रिवाइंडची मूठ खाली दाबा, ती रिळात अडकली पाहिजे. फिल्मची जीभ ओढून उजवीकडच्या फिरत्या रिळाच्या खाचेत घाला. दांडीने फिल्म थोडी पुढे न्या. आता वाकून नीट बघा: फिल्मच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही कडांची भोकं दातेरी चक्राच्या दातांवर बसलीत का? एकच कड बसली असेल तर फिल्म तिरकी जाते आणि पाच-सहा फोटोंनंतर सुटते. दोन्ही बसल्यावर झाकण बंद करा. रिवाइंडची मूठ बाणाच्या दिशेने हलकी फिरवून सैलपणा काढा, ताण लागला की थांबा.

मग दांडी ओढा, खटका दाबा, आणि आकडा १ वर येईपर्यंत असं करत राहा. दांडी ओढताना डोळे डावीकडे, रिवाइंडच्या मुठीवर. फिल्म खरोखर पुढे जात असेल तर मूठ आपोआप उलटी फिरते. फिरत नसेल तर फोटोंचा आकडा पुढे सरकतच राहील आणि फिल्म मात्र जागची हलणार नाही. कोरा रोल परत येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच आहे. माझी नजर अजूनही प्रत्येक फोटोनंतर त्या मुठीकडे जाते.

आयएसओ लावायला विसरू नका. रोलच्या डबीवरची काळी-चंदेरी चौकटींची खूण १९८३ मध्ये आली, जुने कॅमेरे ती वाचत नाहीत. के१००० मध्ये शटरच्या चकतीचं बाहेरचं कडं वर उचलून फिरवलं की खिडकीत आकडा बदलतो. तिथे एएसए लिहिलेलं असेल तरी आकडा तोच: एएसए ४०० म्हणजे आयएसओ ४००. खोक्याचा तुकडा फाडून पिशवीत ठेवा, आत कोणता रोल आहे ते नंतर आठवत नाही.

पहिला रोल

आयएसओ ४०० ची निगेटिव्ह फिल्म घ्या, रंगीत किंवा कृष्णधवल. कृष्णधवलमध्ये इलफर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स. ही फिल्म जास्तीचा उजेड समजून घेते, एखाद-दुसरा स्टॉप वर गेला तरी छापता येतं. कमी उजेड मात्र ती माफ करत नाही, सावलीत जे नोंदलंच गेलं नाही ते नंतर आणता येत नाही. म्हणून शंका आली की एक स्टॉप जास्त. स्लाइड फिल्मला, म्हणजे जिच्यावर निगेटिव्ह न येता सरळ फोटोच उमटतो तिला, हे उलटं आहे, तिथे उजळ भाग जळून जातात. स्लाइड इतक्यात घेऊ नका.

पहिल्या रोलला शटर १/५०० वर ठेवा आणि दिवसाच बाहेर पडा. फक्त लेन्सचं कडं फिरवायचं. उन्हाचा नियम या वेगाला नेमका बसतो. दुसऱ्या रोलला छिद्र एफ ८ वर ठेवून फक्त शटर बदला. दोन्ही एकत्र फिरवायला तिसऱ्या रोलपासून सुरुवात करा. खिशात छोटी वही ठेवा आणि प्रत्येक फोटोचा नंबर, छिद्र, शटर, आणि काटा कशावरून वाचला ते एका ओळीत लिहा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण डिजिटल कॅमेरा हे सगळं फोटोत साठवतो आणि फिल्म साठवत नाही. वही नसेल तर चुका दिसतील, कारणं कळणार नाहीत.

रोल संपत आला की दांडी जड होते. ३६ नंतर एखादा फोटो जास्त मिळतो, पण दांडी अडली की जोर लावायचा नाही. फिल्म रिळातून उपटून येते आणि मग अंधाऱ्या खोलीशिवाय किंवा काळ्या चेंजिंग बॅगशिवाय बाहेर काढता येत नाही. कॅमेऱ्याच्या बुडाशी एक छोटं बटण आहे ते दाबा, त्याने दातेरी चक्र मोकळं होतं. मग रिवाइंडची मूठ बाणाच्या दिशेने सावकाश फिरवा. ताण लागत राहतो, शेवटी जरा जास्त ओढल्यासारखं होतं आणि मग एकदम सैल. तेव्हा जीभ उजव्या रिळातून सुटलेली असते. आणखी दोन-चार वेढे द्या आणि मगच झाकण उघडा. विमानाने जाणार असाल तर रोल सामानाच्या बॅगेत देऊ नका, तिथले एक्स-रे जास्त तीव्र असतात. हातात ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा. कॅमेरा ठेवून देताना शटर चढवलेलं ठेवू नका, स्प्रिंगा ताणलेल्या राहतात.

रोल धुवायला देताना रंगीत निगेटिव्ह सी-४१ या रंगीत फिल्म धुण्याच्या पद्धतीत आणि कृष्णधवल वेगळ्या रसायनात, हे सांगून द्या. इलफर्ड एक्सपी२ सुपर ही कृष्णधवल असूनही सी-४१ मध्ये धुतली जाते, तिची गफलत होते. निगेटिव्ह परत हव्यात हेही आवर्जून सांगा. स्कॅन करणारा माणूस किंवा यंत्र पातळ, म्हणजे उजेड कमी पडून फिकट आलेली, निगेटिव्हही उजळ करून देतं, त्यामुळे स्कॅन बघून आपलं काय चुकलं ते कळत नाही.

निगेटिव्ह वाचायची

पट्टी खिडकीसमोर किंवा पांढऱ्या पडद्यासमोर धरा. आधी कडा बघा. फिल्मच्या काठावर कंपनीचं नाव आणि फोटोंचे नंबर कारखान्यातच छापलेले असतात, ते धुतल्यावर उमटतात. कडा स्पष्ट उमटल्या असतील तर धुणं बरोबर झालं आहे, जे बिघडलं ते कॅमेऱ्यात. कडाच फिकट असतील तर धुण्यात गडबड, आणि कडाही कोऱ्या असतील तर फिल्म बहुधा चुकीच्या रसायनात गेली आहे.

कडा स्पष्ट आणि मधली फिल्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोरी असेल तर फिल्म पुढे सरकलीच नव्हती. मध्येच एखादी चौकट कोरी असेल तर त्या वेळी टोपण होतं किंवा शटर उघडलं नाही. चौकटी एकमेकींवर चढल्या असतील तर दांडी फिल्म पूर्ण ओढत नाही. कडेपासून आत घुसलेले काळे पट्टे म्हणजे उजेड आत येतोय, फोमची पट्टी बघा. फ्लॅश वापरलेल्या चौकटीचा एकच उभा भाग उमटला असेल तर शटर एक्सच्या खुणेपेक्षा वेगवान होतं. प्रत्येक चौकटीची एकच बाजू फिकट असेल तर वही उघडा. त्या सगळ्या १/१००० च्या असतील, तर पडद्यांचा वेग सारखा नाही.

यातलं काहीच नसेल तर आता उजेड बघा. निगेटिव्हमध्ये सावल्या पारदर्शक दिसतात. त्या पारदर्शक जागांत केस, कापडाच्या घड्या, झाडाच्या खोडाच्या रेघा असं काहीतरी दिसायला हवं. दिसत असेल तर पुरेसा उजेड मिळाला. नुसती काच दिसत असेल तर कमी पडला. उलट सगळंच इतकं काळं असेल की त्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येत नाही, तर जास्त झाला.

भाचीच्या पहिल्या रोलमध्ये चौदा नंबरची चौकट पातळ होती. खिडकीत बसलेली तिची मैत्रीण, चेहऱ्याच्या जागी नुसती काच. वहीत चौदासमोर लिहिलं होतं: एफ ८, ५००, खिडकीसकट वाचलं. पुढच्या रोलला तिने त्याच खिडकीत तिला पुन्हा बसवलं, जवळ जाऊन नुसत्या गालावर काटा वाचला आणि शटर १/६० वर आणलं.